चिंचोका कोण देणार?

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजन घ्यायचं तर हातात चिंचोका लागायचा. हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो आणि मला राग येतो, म्हणून आधीच नीट सांगून टाकते.

आमचं गाव चामोर्शीच्या बाजूचं, वैनगंगेपासून हाकेच्या अंतरावर. ख्रिस्ती घरं मूठभर, पंथ प्रेस्बिटेरियन. म्हणजे आमच्यात बिशप वगैरे भानगड नाही. मंडळीनं निवडलेले पंच कारभार पाहतात, त्यांना आम्ही 'वडील' म्हणतो. माझे सासरे, आमचे मामांजी, त्यांतले एक. तीन महिन्यांतून एकदा प्रभुभोजन व्हायचं. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. भाकर म्हणायची, असायचा बाजारातला पाव. त्याच्या आदल्या दोन दिवसांत सासरे एक जुना पत्र्याचा डबा घेऊन घरोघर फिरायचे. उंबऱ्याबाहेर उभं राहून एकच प्रश्न विचारायचे, "कोनाशी अबोला हाये का?"

नाही म्हटलं की डब्यातला एक चिंचोका हातावर. रविवारी तो मेजावरच्या पितळी ताटलीत टाकायचा आणि मग भाकर घ्यायची. अबोला असेल तर चिंचोका नाही, आणि चिंचोका नसेल तर भाकर नाही. संपला विषय.

हसू नका. शनिवारी संध्याकाळी आमच्या वस्तीत जेवढी भांडणं मिटायची, तेवढी तालुक्याच्या कोर्टात वर्षभरात मिटत नसतील. कोंबडी कोणाच्या सांदवाडीत, म्हणजे परसात शिरली, शेताचा धुरा, म्हणजे बांध कोणी कोरला, लग्नात कोणाला आधी जेवायला बसवलं, असल्या गोष्टींवरून महिना महिना तोंड न पाहणाऱ्या बाया डबा गल्लीत आला की एकमेकींच्या दारात साखर मागायला धावायच्या. साखर घरात असायची. पण तोंड उघडायला काहीतरी निमित्त नको का?

मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच खेपेला एक गंमत पाहिली. सासरे फेरीची सुरुवात स्वतःच्या घरातून करायचे. सासूबाई चुलीपाशी. सासरे आधी बाहेर जायचे, चपला काढायचे आणि परक्या माणसासारखे दारात उभे राहून विचारायचे, "कोनाशी अबोला हाये का?" त्या मान न वळवता म्हणायच्या, "हाये. तुमच्याशी." मग सासरे डबा खाली ठेवायचे आणि काय बिनसलंय ते निस्तरायला लागायचे. कधी छपराचे गळणारे कवेलू बदलून द्यायचे, कधी नदीवरून मासोळी आणायचे. एकदा तर सासूबाईंच्या माहेरच्या माणसांबद्दल जे बोलले होते ते शब्द न शब्द परत घेतले, माझ्यासमोर, कान लाल करून. मग सासूबाई हात पुसून म्हणायच्या, "नाई आता. कोनाशीच नाई." की चिंचोका त्यांच्या हातावर. मला त्या दोघांचा हेवा वाटायचा. माझ्या नवऱ्याला मी अबोला धरलाय हेच मुळात दोन दिवस कळायचं नाही.

सासरे गेले आणि डबा आपसूक सासूबाईंकडे आला. त्यांना कोणी निवडलं नाही, कोणी विचारलंही नाही. तीन महिने झाले, तशा त्या डबा काखेत मारून निघाल्या. घरोघर विचारलं, घरोघर चिंचोके दिले. आणि रविवारी मात्र शेवटच्या बाकावर, लहान पोरांच्या घोळक्यात जाऊन बसल्या. भाकर घ्यायला उठल्याच नाहीत. मला वाटलं, दुःख ताजं आहे. पुढच्या खेपेलाही तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. तेव्हा मी न राहवून विचारलं.

"बाई, तुम्ही घेत का नाही?"

"मले चिंचोका कुठी भेटला?"

"अहो, डबाभर आहेत तुमच्याकडे! घ्या त्यातला एक."

"सोताच सोताले कसा देऊ वं? इचारनारं कोनीतरी पायजे ना."

"मग मी विचारते. नाहीतर तुमचा मुलगा विचारेल."

"तुम्ही घरचे. घरच्याले जमत नाई."

"मामांजी घरचेच होते की!"

"ते वडील होते," त्या म्हणाल्या आणि पाट उचलून सांदवाडीत निघून गेल्या. मी कपाळावर हात मारला. वर्षं गेली. बाई गावभर चिंचोके वाटायची आणि स्वतः मागच्या बाकावर उपाशी बसायची. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांना तिथे बसलेलं पाहून गलबलूनही यायचं.

नव्वदचं दशक संपायला आलं तेव्हा मंडळीला शंभर वर्षं पूर्ण होणार म्हणून गडबड सुरू झाली. त्याच सुमारास नवे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले. नगरकडचे, सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलेले, मोटारसायकलवर फिरणारे, मनानं चांगले. पण आल्या आल्या त्यांना चिंचोके खुपले. शताब्दीच्या प्रभुभोजनाला आमच्या पट्ट्यातल्या सगळ्या मंडळ्यांवरचे अध्यक्ष येणार होते. ते हे पाहून काय म्हणतील?

"बाई," साहेब मला म्हणाले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, म्हणून सगळ्यांचीच बाई. "ही जंगली रीत आहे. शास्त्रात चिंचोका कुठं आहे ते दाखवा, मी आजच त्याची माळ करून गळ्यात घालतो."

हे ते भर सभेत बोलले. सासूबाई मागेच बसल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी साहेबांशी बोलणं टाकलं.

खरं सांगायचं तर मलाही ही रीत जंगलातलीच वाटायची. आमच्याकडे आवतन द्यायला सुपारी, हळदीचे तांदूळ, असं काहीबाही हातावर ठेवतातच. त्यातूनच चिंचोका आला असेल, असं सगळेच धरून चालले होते. पण रीत जंगलातली असली म्हणून टाकाऊ कशी? माझं डोकं फिरलं. मी तिथेच साहेबांना चार शब्द सुनावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "शताब्दीची स्मरणिका तुम्हीच लिहिताय ना? चंद्रपूरला आपल्या पंथाचं जुनं दफ्तर आहे. शोधा तिथं. चिंचोक्याचा मागमूस मिळाला तर ठेवू. नाही मिळाला तर बंद."

घरी येऊन सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बंद झालं तं मले कोनीच चिंचोका देनार नाई. मंग मी मरेपर्यंत अशीच मांग बसू का?"

झालं. दिवाळीच्या सुट्टीत मी फराळाचा डबा घेऊन चंद्रपूरला बहिणीकडे मुक्काम ठोकला.

दफ्तर म्हणजे मिशनच्या जुन्या बंगल्यातल्या दोन खोल्या. एकीत ग्रंथालय, दुसरीत बांधलेले गठ्ठे. कपाटांत डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाचा पाला. तिथे बसणारे भाऊ बल्लारपूरच्या पेपर मिलमधून निवृत्त झालेले, रोज सकाळच्या पॅसेंजरनं यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दम भरला.

"पेन चालनार नाई. चहा व्हरांड्यात. आन् बोट ओलं करून पान पलटवलं तं मी उठवून देईन, आधीच सांगतो."

"तुम्ही आमच्याच मंडळीतले का भाऊ?"

"आम्ही छप्पनचे," ते म्हणाले. म्हणजे बौद्ध. "तुमच्या धर्माशी आपलं काई लेनंदेनं नाई मॅडम. आपन कागदासाठी आलो इथी."

आणि होतंही तसंच. मी मजकूर वाचायची, ते कागद वाचायचे. एखादं पान खिडकीशी धरायचे, चुटकीनं वाजवायचे आणि खूष व्हायचे. "हा चिंध्यायचा. काई होत नाई याले. आन् हा नंतरचा, बांबूचा. हा म्हंजे आपल्या घरचा मानूस." जेवणाच्या सुट्टीत माझ्या चकल्या खाताना मात्र ते मजकुरावरही घसरायचे. "तुमचे लोक लय भांडत होते मॅडम! एक गाय कंपाउंडात घुसली तं तिच्यावर किती बैठका घेऊन राह्यले!"

मला ते दिवस फार आवडले. घरी स्वयंपाक नाही, शाळेची हजेरी नाही, वरून पंखा घरघरतोय आणि समोर शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांची कुरबुर. घंटेची दोरी कोणी नेली, विहिरीवर आधी कोण, गाताना सूर कोण बिघडवतं. वाचता वाचता मी एकटीच हसायची. पंख्यानं पानं उडू नयेत म्हणून भाऊंनी शिशाचे लंबगोल तुकडे दिले होते, ते चार कोपऱ्यांवर ठेवायचे आणि बसायचं. बहीण विचारायची, सापडलं का? मी म्हणायची, उद्या सापडेल. आतून मात्र धाकधूक वाढत होती. गोऱ्या साहेबाच्या घोड्याचा चारा लिहिलाय, पडद्याचं कापड लिहिलंय, चिंचोका कुठेच नाही. या लोकांनी शंभर वर्षांत चिंचेचं झाडसुद्धा पाहिलं नव्हतं की काय?

शेवटाकडच्या एका दुपारी लाईट गेली. पंखा थांबला. वजनांची गरज उरली नाही, म्हणून मी शिशाचे तुकडे गोळा केले आणि उगाच एक उलटासुलटा करून पाहिला. इतके दिवस हाताखाली होता, पण नजर पडली नव्हती. त्याच्यावर झिजलेली इंग्रजी अक्षरं होती. दुसऱ्या बाजूला पेला. प्रभुभोजनाचा असतो तसाच.

"भाऊ, हे काय आहे?"

"मी आलो तवापासून हाये. कपाटात पडले होते. वजन मस्त हाये त्यायले."

मी ताडकन उठले. वडिलांनी कसं वागावं याचं एक छापील जुनं पुस्तक त्याच कपाटात मी पाहिलं होतं आणि कंटाळवाणं म्हणून बाजूला सारलं होतं. ते काढलं. अर्ध्या तासात सगळं उलगडलं. प्रभुभोजनाच्या आधी वडिलांनी घरोघर जावं, शेजाऱ्याशी तंटा आहे का विचारावं, तंटा नसेल त्याला शिशाची खूण द्यावी, आणि ती खूण परत घेऊन भाकर द्यावी. ही स्कॉटलंडमधल्या प्रेस्बिटेरियन लोकांची रीत होती. जंगली म्हणे! साहेबांच्या गोऱ्या गुरूंनी आणलेली रीत होती ती. थोडं पुढे असंही होतं की या खुणांचा फार आग्रह धरू नये. तेही मी उतरवून घेतलं, लपवाछपवी मला जमत नाही. आणि त्याच पानावर खाली एक साधं वाक्य होतं. ते मी दोनदा वाचलं. वडिलांना खूण पाळकानं द्यावी, त्यांच्या घरी जाऊन.

मी भाऊंना सगळं सांगितलं, सासूबाईंसकट. त्यांनी शिशाचा तुकडा तळहातावर तोलला. मग म्हणाले, "इथून बाहेर काई जात नाई मॅडम. पन ठसा घेऊन जा." त्यांनी स्वतः निवडून एक पातळ कागद कापून दिला. मी शिशावर तो धरून पेन्सिल घासली, लहानपणी नाण्यांचे ठसे काढायचो तशी. पेला उमटला.

घरी पोचल्यावर सासूबाईंच्या हातात तो कागद दिला. त्यांनी तो दूर धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, "हे तं जाळ्याचं शिसं हाये!"

"काय?"

"अवं, आपल्या बुढ्याच्या जाळ्याले असेच होते. पाह्यतं का?"

माझ्या आजेसासऱ्यांचं जुनं जाळं माळ्यावर पडलेलं होतं. नवऱ्यानं ते ओढून खाली आणलं. धुळीनं आम्ही तिघं शिंकून बेजार. जाळं विरलं होतं, पण काठाला दगडमातीच्या वजनांमध्ये शिशाचे लंबगोल तुकडे ओवलेले होते, मधोमध भोक पाडलेले. एकावर बोट फिरवलं तर पेल्याची कड अजून लागत होती.

सासूबाई मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या. "देवा रे! यायनं चर्चचं शिसं जाळ्याले बांधलं, मासोळ्या खाल्ल्या, आन् देवाले चिंचोके देल्ले!" पदर तोंडाला लावून त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं. मामांजी गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आम्हीही जमिनीवर लोळायचे बाकी होतो.

मग मी त्यांना ते खालचं वाक्य सांगितलं. त्यांनी डोळे पुसले.

"लिवलं हाये तसं?"

"छापलंय, बाई."

"तू त्याले सांगू नको. माह्यासाठी मांगू नको काई. मांगून घेतलेला चिंचोका चालत नाई."

आता आली का पंचाईत! सगळ्या गावात माझं तोंड प्रसिद्ध, आणि नेमकं तेच बंद ठेवायचं. मी स्मरणिकेचा लेख नीट लिहून काढला, ते वाक्यही त्यात घातलं आणि साहेबांच्या हातात नेऊन दिला. ते वाचत गेले तसा त्यांचा चेहरा उजळला. "स्कॉटलंड! बाई, कमाल केलीत! अध्यक्षांना मी स्वतः दाखवणार. चिंचोके राहू द्या, राहू द्याच." खालच्या वाक्यावरून त्यांची नजर सरळ घसरून गेली. मी जीभ चावली. "एकदा सावकाश वाचा," एवढंच मी म्हणाले, "छापायच्या आधी शुद्धलेखन पाहून घ्या." आणि पाय आपटत घरी आले.

शताब्दीच्या आदल्या शुक्रवार-शनिवारी सासूबाईंनी डबा घेऊन अख्खी वस्ती पालथी घातली. साहेबांच्या दारातही गेल्या. तिथे साहेबांच्या बायकोनं दोघांचे चिंचोके घेतले. साहेब मांडव घालायला गेले होते. सासूबाई परत आल्या, रिकामा डबा फळीवर ठेवला आणि चूल पेटवली. चेहऱ्यावर काहीच नाही. मी तांदूळ निवडत मनातल्या मनात त्या नगरवाल्याचा उद्धार करत होते. उद्या हार होतील, भाषणं होतील, आणि ही बाई पुन्हा पोरांच्यात बसेल.

दिवेलागणीला मोटारसायकलचा आवाज आला. साहेब. फाटकाशी गाडी लावली, बूट काढले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आत या म्हटलं तर येईनात. एक हात खिशात. घसा खाकरला आणि पुस्तकी मराठीत म्हणाले, "आजी, तुमचा कोणाशी अबोला आहे का?"

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"हाये," त्या म्हणाल्या. "तुमच्याशी."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. नवरा पडवीत होता, तो जागच्या जागी थांबला. ते शब्द आम्ही दोघांनीच पूर्वी ऐकले होते. साहेबांना काय माहीत! त्यांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं, मी कवेलूंकडे पाहिलं. बिचाऱ्यांचे कान लाल झाले.

"चुकलो, आजी," ते म्हणाले. "जंगली म्हणायला नको होतं. आणि तुम्ही दरवेळी मागं बसता हे दिसत होतं मला. पण का बसता, ते कधी विचारलं नाही. लेख दुसऱ्यांदा वाचला तेव्हा कळलं."

चुलीत काटक्या तडतडत होत्या. सासूबाईंनी हात पुसले आणि वळल्या.

"जेवले का?"

"नाही."

"मंग बसा पह्यले."

साहेब बसले. भात, मासोळीचं कालवण. दोनदा घेतलं. हात धुऊन ते पुन्हा उंबऱ्याबाहेर जाऊन उभे राहिले, हे मला फार आवडलं, आणि त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला.

"नाई आता," सासूबाई म्हणाल्या. "कोनाशीच नाई."

साहेबांनी खिशातून चिंचोका काढला. चर्चमागच्या झाडाखालून उचललेला, अर्धवट गर चिकटलेला. "धुवायचा राहिला," ते ओशाळून म्हणाले. सासूबाईंनी दोन्ही हात पुढे केले.

त्यांनी तो धुतला नाहीच. रविवारी भाकर घ्यायला त्या माझ्या आधी उठल्या, पाहुण्यांच्या मधून वाट काढत पुढे गेल्या, आणि चिंचोका तळव्याला असा चिकटला की ताटलीत पडेना. दोनदा हात झटकावा लागला. साहेब ताटली धरून थांबले. मग त्यांनी भाकर दिली, मग पेला. परत आल्या त्या मागच्या बाकाकडे गेल्या नाहीत, माझ्यापाशी आल्या. "सरक," म्हणाल्या. मी सरकले आणि ढसाढसा रडायला लागले, अध्यक्षांसमोर, शाळेतल्या पोरांसमोर.

त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. चिंचेनं तो अजून चिकट होता.

"रडून काऊन राह्यली वं?" त्या कानात म्हणाल्या. "पाव कालचा हाये, बाकी काई नाई."